शेजारणीच्या कॅलेंडरवरचे बाबा

सोशल मीडिया सोडला तोही मी गाजावाजा करून. ‘आता थोडा वेळ स्वतःसाठी’ अशी शेवटची पोस्ट टाकली, तिला किती लाइक आले ते दोन दिवस पाहिलं आणि मग सगळी खाती बंद केली. नवरा म्हणाला, संन्यास घेणारा माणूस निरोपाला किती जण आले ते मोजत बसत नाही. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

पण खरंच बरं वाटायला लागलं. कापेलच्या घरून रॉटरडॅमला ऑफिसला जाताना मेट्रोच्या खिडकीतून बाहेर बघायला लागले. पुण्यात कुणी फ्लॅट घेतला, कोण आइसलँडला गेलं, हे कळेनासं झालं आणि त्यावाचून काही अडेना. भेटेल त्याला मी मनःशांतीवर प्रवचन द्यायचे, पाडव्याच्या फोनवर आई-बाबांनाही दिलं. सगळे बिचारे ऐकून घ्यायचे.

तीन महिन्यांनी, जूनमध्ये, एका संध्याकाळी साडेपाचला बेल वाजली. दारात शेजारच्या डच आजी. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “अभिनंदन, तुझ्या वडिलांबद्दल.”

इथे वाढदिवसाला घरच्या सगळ्यांचंच अभिनंदन करतात. मला दोन क्षण काही कळेना. मग आजची तारीख आठवली.

आमच्या घरातल्या सगळ्यांच्या तारखा आजींनी कधीतरी कॉफी पिताना विचारून घेतल्या होत्या आणि आपल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर लिहिल्या होत्या. ते कॅलेंडर इथे घरोघरी संडासात टांगतात. आत बसल्या बसल्या कुणाचा वाढदिवस जवळ आलाय ते दिसतं. मी तेव्हा फोनवर बाबांना हे सांगितलं होतं. ते पोट धरून हसले होते. “म्हणजे आम्ही हॉलंडच्या संडासात लटकतोय म्हण की.”

आणि मी, त्यांची एकुलती एक मुलगी? मला दरवर्षी सकाळी ॲप आठवण करून द्यायचं. मग मी जुना फोटो शोधायचे, बाबांच्या स्कूटरवर पुढे उभी असलेली मी. खाली डोळ्यांत पाणी आणणाऱ्या दहा ओळी. बाबांचं कुठेच खातं नाही. त्यांनी त्यातली एक ओळही कधी वाचली नाही. त्यांच्या वाट्याला दोन मीटिंगच्या मध्ये केलेला दोन मिनिटांचा फोन यायचा, आणि यंदा तोही नव्हता. पंचाहत्तरावा वाढदिवस होता.

पुण्यात नऊ वाजले होते. नऊला बाबा आडवे होतात. मी तसाच, आजींना दारात उभं ठेवून फोन लावला. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

“झोपला नव्हतात?”

“झोपणारच होतो. हा पंखा आवाज करतोय.”

मीटिंग होत्या असं सांगायचं ओठांवर आलं होतं. पण म्हणाले, “बाबा, मी विसरले.”

“अगं, असू दे. तुझं मन शांत झालंय ना आता? मग झालं.”

टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मागून आईचा आवाज आला, “सकाळपासून फोन खिशात घेऊन फिरतायत. आंघोळीलासुद्धा नेला.”

बाबा तिला गप्प करत होते. मी रडत होते आणि दारातल्या आजी मला आणखी एकदा अभिनंदन म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी मी तसलं कॅलेंडर आणलं. माझी नऊ वर्षांची मुलगी डचमध्ये म्हणाली, हे टॉयलेटमध्ये लावतात. मी मराठीत म्हणाले, माझ्या बापाला मी संडासात टांगणार नाही. ते स्वयंपाकघरात, देव्हाऱ्याच्या बाजूला लागलं. आजी बघून हळहळल्या. “इथे कोण वाचणार? वाचायला निवांतपणा लागतो.”

मी मात्र वाचत होते. त्या कॅलेंडरवर वार नसतात, नुसत्या तारखा. जूनमध्ये एका ओळीवर बाबा, आणि वर खाली सगळ्या ओळी कोऱ्या. भाजी परतताना नजर तिथेच जायची.

एका गुरुवारी घरूनच काम करत होते. दुपारी साडेबाराला जेवणाच्या सुट्टीत बाबांना फोन केला.

“काय झालं?” बाबा घाबरलेच. “सगळे बरे आहात ना?”

“बरे आहोत.”

“मग आज काय आहे?”

“काही नाही. सहज केला.”

बाबा फोनवरून तोंड वळवून आईला म्हणाले, “अगं, चहाचा गॅस बंद कर आणि इकडे ये. तिचा फोन आलाय, सहज.”