भर नाटकात सत्कार झालेला किल्लेदार

भर नाटकात एका खुन्याचा सत्कार झालेला मी स्वतः बघितलाय.

शाल, श्रीफळ, फेटा. सगळं साग्रसंगीत.

तो खुनी आज सकाळी गेला. आमचे शिवलिंगआण्णा.

चाटी गल्लीत कापडाचं दुकान, घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि स्टेजवर आमच्या शोकांतिकेतला किल्लेदार.

नाटक जुन्या वळणाचं. सुभेदारीच्या हावेपोटी किल्लेदार शत्रूला आतून दरवाजा उघडून देतो. स्वतःच्या धन्याला मारतो. दुसऱ्या अंकात तो आतून खचत जातो आणि शेवटी बुरुजावरून उडी घेतो.

मी दिग्दर्शिका. तालमीत आमची रोज जुंपायची.

पहिला अंक आण्णा असा करायचे की अंगावर काटा यावा. ती हाव, ती घाई, सगळं डोळ्यांत.

पण दुसऱ्या अंकात पश्चात्ताप आला की डोळे गरागरा, हात छातीवर आणि आवाज थेट अक्कलकोटपर्यंत.

"आण्णा, अपराधी माणूस एवढा ओरडत नाही हो!"

"मग काय करतो ते तरी सांगा की, मॅडम."

मी अंतर्द्वंद्व वगैरे पुस्तकी काहीतरी सांगायचे. ते मान डोलवायचे आणि परत छातीवर हात.

हा अंक जमला नाही तर अख्खं नाटक म्हणजे नुसती हाणामारी, हे दोघांनाही कळत होतं. आणि प्रयोग तोंडावर आला. मोहोळजवळच्या एका गावात, जत्रेत.

पहिला अंक संपत आलेला. धनी मेलाय, किल्लेदार सुभेदार झालाय. तेवढ्यात सरपंच माईक घेऊन स्टेजवर!

"थांबा, थांबा! आण्णांनी लई भारी काम केलंय. गावाच्या वतीनं सत्कार हाय!"

आमच्याकडे ही रीतच आहे. काम आवडलं की नाटक संपेपर्यंत कुणाला दम निघत नाही.

मी विंगेत कपाळ बडवून घेतलं. आता कसला दुसरा अंक!

आण्णा मात्र किल्लेदारच राहिले. हसले नाहीत, हात जोडले नाहीत. शाल घेतली. नारळ घेतला. सरपंच फेटा बांधायला लागले तसा आण्णांनी त्यांचा हात धरला.

"डोक्याला नको."

हे वाक्य संहितेत नव्हतंच.

मग फेटा दोन्ही हातांत घेऊन, धनी जिथं पडला होता तिथं नेऊन ठेवला. आणि पाठमोरे उभे राहिले.

टाळ्या थांबल्या.

पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "खायलंय बग त्याला आतनं."

दुसरा अंक आण्णांनी जवळजवळ कुजबुजत केला. शेवटची उडी घेतली तेव्हा जत्रेच्या त्या गर्दीतून एकही शिट्टी आली नाही. मी विंगेत चक्क रडत होते.

मेकअप उतरवताना विचारलं, "आण्णा, सत्काराच्या वेळी मनात काय होतं हो?"



"मी खून केलेला सगळ्यांनी बगितला की, मॅडम. तरी टाळ्या वाजवायलेत. मला वाटलं, एकानं तरी उठून शिवी घालावी."

त्यानंतर अपराध म्हणजे काय, असं कुठल्याही नटानं विचारलं की मी आण्णांचं हे वाक्य सांगते. याहून चांगलं मला आजवर सुचलेलं नाही.

फार मोठे नट होतात, आण्णा. या तुम्ही.

तुमच्या मॅडमचा शेवटचा नमस्कार.