न उघडलेले फोटो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. टाळेबंदीच्या साली माझ्या पाचवीच्या वर्गातली मुलं गृहपाठाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायची, ते मी उघडतच नव्हतो. फोटो आला की अंगठा द्यायचा, झालं.

घाटंजी तालुक्यातल्या एका लहान गावात मी शिक्षक होतो, राहायला मात्र यवतमाळला. शाळा बंद झाली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. रोजची मोटारसायकल सुटली. सकाळी कोणीतरी बनवलेला व्हिडिओ गटावर टाकायचा, संध्याकाळी अंगठे द्यायचे, किती मुलं शिकली तो आकडा वर कळवायचा. आकडा माझा कधी कमी गेला नाही.

एका मुलीचा फोटो एक दिवसही चुकला नाही. घरात फोन एकच, तो बापासोबत वावरात. दिवस मावळता बाप आला की पोरगी वही घेऊन तयार. वर्गात ती हात वर करायच्या आधीच उत्तर घेऊन उभी राहायची. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेत आपल्या गावातून कोणी लागेल तर हीच, असं मीच तिच्या वडिलांना सांगून ठेवलं होतं.

शाळा उघडली त्या आठवड्यात मी फळ्यावर बेरीज दिली. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. ती उठली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, दोन पंचमांश. वरचे अंक वरच्यात मिळवलेले, खालचे खालच्यात.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"मी तं रोज असंच करून राह्यली सर. तुमीच तं अंगठा देल्ला."

"अंगठाबहाद्दर!" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग हसला. मीही हसलो. मग कोणाला काही कळायच्या आत आवाज चढवला, "व्हिडिओ नीट पाहिला नसशील. लक्ष कुठं होतं तुझं?"

तिने खडू ठेवला आणि जागेवर गेली. त्या वर्षी ती पुन्हा आपणहून उभी राहिली नाही.

त्याच संध्याकाळी मी ते फोटो पहिल्यांदा उघडले. सुरुवातीच्या सगळ्याच फोटोंत वहीभोवती पांढरं दिसत होतं. चादर असेल म्हणून मोठं करून बघितलं, तर कापूस. त्या साली खरेदी बंद पडली आणि घराघरात कापूस आढ्यापर्यंत रचलेला होता. माणसं त्याच्यावरच झोपायची, अंग खाजवायची. ती त्या ढिगावर वही ठेवून लिहीत होती. एका फोटोत वही धरलेला हात आला होता, पुरळाने लाल झालेला. बेरजेची चूक पहिल्याच दिवसापासून होती. तिसऱ्या दिवशीच्या पानाखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, "सर, अर्ध्यात अजून मिळवलं तरी उत्तर अर्ध्यापेक्षा कमी काहून आलं?"

त्याखाली माझा अंगठा.

पंधरा दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. "सर, पोरगी म्हणते मले गणित जमत नाही, परीक्षेले बसत नाही. खरं हाय काय?"

तेव्हा बोलायचं होतं. मी म्हणालो, "थोडी कच्ची आहे, भाऊ. या ऑनलाइनमध्ये सगळ्यांचंच नुकसान झालं."

"तुमी म्हणता तं असंन," म्हणून ते गेले. परीक्षेचा अर्ज भरलाच नाही.

पुढे शिक्षकांच्या एका बैठकीत मला बोलायला उभं केलं. विषय, ऑनलाइन वर्ग शाळेची जागा घेतील का. फळ्याला पर्याय नाही, असं मी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या. पण फोनने तिचा प्रश्न माझ्या हातात आणून ठेवला होता, आणि तो कापसाच्या ढिगावरून निघाला होता. वर्ग असता तर एवढंच झालं असतं की तिने वही माझ्या नाकाखाली धरली असती आणि उत्तर मिळेपर्यंत ती हलली नसती. मला पळता आलं नसतं. शाळेच्या बाजूने माझ्याकडे एवढाच मुद्दा आहे, आणि तो मी त्या बैठकीत मांडला नाही.

आता ती दहावी झाली. गेल्या महिन्यात घाटंजीच्या बाजारात भेटली, सोबत मैत्रीण.

"सर, हिले सांगा ना," मैत्रीण म्हणाली, "आयटीआयचा फॉर्म भर म्हणते मी माझ्यासंगं, तं आयकतच नाही."

"त्याच्यात गणित राह्यते बाई," ती हसत म्हणाली. "मी पयलेपासूनच ढ. इचार सरले."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी हसलो, पिशवी उचलली आणि निघालो.

ती ढ नव्हती. चूक तिला तिसऱ्याच दिवशी दिसली होती, मी वही बघितली नाही. तिच्या घरी जाऊन, तिला आणि तिच्या वडिलांना समोर बसवून, हे मला सांगायचं आहे. अजून मी गेलेलो नाही.