झेंडा उतरताना

सावंतकाकांची नोकरी माझ्यामुळे गेली. हे वाक्य कागदावर यायला पंचवीसएक वर्षं गेली. तोंडातून निघायला चार लागली होती.

काका मूळचे मालवणचे, नौदलात इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेले. नव्वदच्या दशकात लखनौजवळच्या चिनहटला एका कारखान्यात ते बॉयलर सांभाळत, आणि मी तिथला तरुण प्रॉडक्शन ऑफिसर. समुद्र सोडून इतक्या लांब कसे आलात, असं कुणी विचारलं की म्हणत, "पाणी काय, बॉयलरमध्ये पण असतंच की."

लखनौच्या जानकीपुरम भागातल्या त्यांच्या घरात प्रत्येक गोष्टीला पाटी होती. तेलाच्या डब्याचा पत्रा कापायचा, बोट कापू नये म्हणून कडा घासायच्या, आणि पांढऱ्या रंगाने लिहायचं: 'टाकीचा नळ', 'बाहेरचा दिवा', 'गॅस – इकडे बंद'. काकू म्हणायच्या, "एक दिवस माझ्या गळ्यात पण अडकवतील. बायको – इकडे बंद." मी हसून हसून लोळायचो. दर रविवारी मी तिथे जेवायला असे. घरी मी त्यांना काका म्हणे. कारखान्यात मात्र नुसतं 'सावंत'. त्यांनी तेही मुकाट्याने मान्य केलं होतं. गेटच्या आत मी 'साहेब', घरी 'शिरीष'.

ही पाट्यांची सवय एका जहाजाने लावलेली. रशियाने आपल्याला एक फ्रिगेट विकली होती; ती आणायला गेलेल्या तुकडीत काका होते. त्या काळातली नव्या पद्धतीची युद्धनौका, पण आतला एकेक व्हॉल्व्ह, एकेक खटका रशियन अक्षरांत. तिकडचे खलाशी उतरण्याआधी काका त्यांच्या एका मेकॅनिकच्या मागे मागे फिरले. तो व्हॉल्व्हवर हात ठेवून खुणांनी सांगायचा, काका तिथे पाटी बांधायचे.

"त्याचा हात तिथून उठायच्या आत नाव लिहायचं," काका सांगत. "हात गेला की जहाज मुकं."

मग जहाज ताब्यात देण्याचा दिवस आला. त्यांचा झेंडा उतरला, आपला चढला. "सगळे आपल्या झेंड्याकडे बघत होते. माझी नजर चुकून त्या मेकॅनिककडे गेली. एवढा धिप्पाड गडी, रडत होता रे. मी मान फिरवली. ज्याचा झेंडा उतरतोय, त्याच्या तोंडाकडे बघायचं नाय, शिरीष."

कारखान्यातही बॉयलरच्या प्रत्येक व्हॉल्व्हवर त्यांची हिंदी पाटी लटकत असे. नव्या माणसाला पहिला धडा ठरलेला: "पहले पढ़ो, भैया, फिर घुमाओ."

एकदा दिल्लीहून डायरेक्टर येणार होते. रंगरंगोटी चालली होती आणि मला त्या डब्याच्या पत्र्यांची लाज वाटली. मी म्हटलं, "सावंत, हे काढा. पानाची टपरी वाटते."

"साहेब, नवीन पाट्या येईपर्यंत राहू द्या."

"सावंत, हे तुमचं जहाज नाही."

दोन-तीन फिटर फिदीफिदी हसले. काकांनी स्वतःच्या हाताने एकेक पाटी सोडवली. नव्या पाट्या मागवायचं मी विसरलो. डायरेक्टर खूश होऊन गेले आणि त्याच आठवड्यात रामलखन नावाच्या नव्या फिटरने पाण्याचा समजून वाफेचा व्हॉल्व्ह फिरवला. काकांनी त्याला खेचून बाजूला केलं. त्याला काही झालं नाही. काकांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला.

चौकशी लखनौला, कंपनीच्या हज़रतगंजमधल्या ऑफिसात झाली. काका हाताला बँडेज बांधून माझ्या शेजारी बसले होते. मॅनेजरने विचारलं, "प्लेटें किसने उतारीं?" मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणालो, "सर, बॉयलर सावंत की ज़िम्मेदारी है."

मी चोरून पाहिलं, तर काका मान वळवून खिडकीबाहेरच्या रिक्षांकडे बघत होते. मला वाटलं, घाबरले. त्यांना घरी बसवण्यात आलं. मी रविवारी जाणं बंद केलं. मराठी मंडळाच्या गणपतीत काकू लांबून दिसल्या की मी चपला शोधू लागे.

चार वर्षांनी बॉयलररूमचं जुनं कपाट हलवताना मागे एक पुडकं सापडलं. तारेत ओवलेल्या त्याच पाट्या, पुसून लख्ख, व्हॉल्व्हच्या क्रमाने. वर चिठ्ठी, काकांच्या अक्षरात: 'नवीन आल्या नाहीत तर परत बांधणे.'

ती पाट्यांची माळ हातात धरून मी तिथेच फरशीवर बसलो. खिडकीकडे वळलेली ती मान मला तेव्हा कळली. ते घाबरले नव्हते. माझा झेंडा उतरताना त्यांनी बघायचं टाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी जानकीपुरमला गेलो. ती दोघं मालवणला परत निघाली होती. काका ट्रंकांना पाट्या बांधत होते. डाव्या हाताची कातडी चकचकीत, ओढलेली.

"अगं, शिरीष आलाय. चहा टाक," ते आत बघून म्हणाले, जणू मी मागच्या रविवारीच येऊन गेलो होतो.

मी पुडकं ट्रंकेवर ठेवलं. त्यांनी ते ओळखलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि हळूच मान खिडकीकडे वळवली.

"काका, इकडे बघा."

"असू दे रे."

"नाही. माझ्याकडे बघा."

त्यांनी मान वळवायला वेळ घेतला. काकू दारात येऊन थांबल्या होत्या.

"पाट्या काढायला मी सांगितलं होतं. चौकशीत ते लपवलं आणि तुम्हाला पुढे केलं. मॅनेजरना आज सकाळी सगळं लेखी देऊन आलोय. पण हे तुम्हालाच सांगायचं होतं, तुमच्या डोळ्यांसमोर. माझं चुकलं, काका. मला माफ करा."