पांढऱ्या डोळ्याची बातमी

उज्ज्वला कादंबरी स्वयंपाकघरात लिहिते. परातीत पीठ, मसाल्याच्या डब्याला टेकवलेला फोन, आणि ती त्याला वाक्यं सांगतेय : "तिनं मागं वळून पाहिलं नाही, पूर्णविराम."

"कुणी पाह्यलं न्हाई गं मागं?" ओसरीवरून ठकूबाई, तिची सासू.

"कुणी नाही आई. कादंबरीतली आहे."

"मंग जाऊ दे. मला वाटलं पावणी उपाशी चालली."

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणीच्या शिवारात, चहूबाजूंनी ऊस आणि मध्ये ही वस्ती. नवरा गोरख, धाकटा दीर आदेश, सासू आणि पहिलीत जाणारी लेक श्रेया. दोन कादंबऱ्या छापून आल्या तरी वस्तीवर उज्ज्वलाला कुणी लेखिका म्हणत नाही. "पेपरवाली वहिनी" म्हणतात, कारण पुण्याच्या एका दैनिकाची ती तालुक्यातली वार्ताहर आहे. अपघात, ग्रामसभा, निरोप समारंभ, गारपीट. आणि अलीकडे, सगळ्यात जास्त, बिबट्या.

तिसरी कादंबरी त्याच्यावरच आहे. खरं तर त्याच्यावर नाही, त्याच्या तावडीतून सुटलेल्यांवर. बिबट्या कसा आला हे ती विचारतच नाही. ते सगळे न विचारता सांगतात. सुटल्यावर पुढं कसं जगलात, हे विचारते. शेजारच्या वस्तीवरच्या अंबाबाईंना तिनं तेच विचारलं. गवत कापायला वाकल्या असताना त्यांच्या खांद्यावर झडप पडली होती.

"ज्येवान गोड लागतंय की," अंबाबाई म्हणाल्या. "पण पाठ भिताडाला लागल्याबिगर घास उतरत न्हाई बघ."

"तुम्ही त्याला पाहिलंत?"

"त्यानं मला पाह्यलं. एका डोळ्यानं. दुसऱ्या डोळ्यावर दुधाची साय धरल्यावानी पांढरं व्हतं."

अंबाबाई सुटल्या. त्यांच्यानंतर आठवडाभरातच त्यानं शिवारातल्याच भागूमावशींना धरलं. त्या सुटल्या नाहीत. त्या दिवसापासून शिवारातल्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाऊ लागल्या. चामड्याचा पट्टा, बाहेरच्या बाजूनं टोकदार खिळे. वाकलं की मान उघडी पडते, आणि तो मानच धरतो. पहिले दोन दिवस बाया एकमेकींना हसल्या. "काय गं, नवा दागिना?" "हो ना, माहेरून आलाय." मग हसणं बंद झालं आणि पट्टा कपाळाच्या टिकलीसारखा सवयीचा झाला.

सवय झाली नाही ती फक्त सोयरिकीला. आदेश रोपवाटिका चालवतो, निर्व्यसनी, दिसायला बरा. पण लोणीचं नाव निघालं की मुलीकडचे विचारायचे, "तिथंच बिबट्यानं बाई नेली ना?" आणि पुढं फोन लागायचा नाही. शेवटी पारनेरकडून एक स्थळ आलं. चिमाजी नावाचे गृहस्थ, त्यांची मुलगी इंद्रायणी. माळरानातली माणसं, उसाची सवय नाही. मुलगा पसंत, माणसं पसंत. अट एकच : "तेवढा तुमचा वाघ पकडला की घर बघायला येतो."

आणि पकडला.

एका सकाळी वनखात्यानं ओढ्याकाठी लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला. अख्खं शिवार लोटलं. फटाके आले, कुणीतरी गुलालही आणला. उज्ज्वला गर्दीतून वाट काढत पिंजऱ्यापाशी पोहोचली आणि खाली बसली. तो गजावर धडका देत होता. मग थांबला आणि त्यानं तिच्याकडं पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी. पिवळे, स्वच्छ, काचेसारखे डोळे.

तिनं वनखात्याच्या माणसाला बाजूला घेतलं. "हा तो नाही."

"ताई, तपासणीचा अहवाल आल्याशिवाय आम्ही हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही."

"मग दुसरा पिंजरा ठेवणार ना इथं?"

"पिंजरे कमी आहेत. हा घेऊन जातोय, मागणी आली तर परत आणू."

तिनं बातमी पाठवली : लोणीत बिबट्या जेरबंद, मात्र हल्ले करणारा हाच का याबाबत संशय. अंबाबाईंनी सांगितलेला पांढरा डोळाही लिहिला. दुसऱ्या दिवशी छापून आलं ते असं : "नरभक्षक बिबट्या अखेर जेरबंद, लोणीकरांनी सोडला सुटकेचा निःश्वास." डोळा गायब. संशय गायब. खाली तिचं नाव मात्र ठळक.

तिनं पुण्याला फोन लावला. "माझी अर्धी बातमी कुठंय?"

"मॅडम, जागा नव्हती. आणि लोकांना जरा बरं वाटू द्या की."

"लोक पट्टे काढतील हो."

"मग चांगलंच आहे ना? बघतो, खुलासा टाकू उद्या-परवा."

उद्या आला, परवाही आला. खुलासा आला नाही. दरम्यान आदेशनं कात्रणाचा फोटो पारनेरला पाठवला होता, आणि रविवारी येतो असा निरोपही आला होता.

"गावच्या ग्रुपवर लिहू का मी?" तिनं गोरखला विचारलं.

"लिही. सोमवारी."

"अहो, तोवर कुणी..."

"उज्ज्वला, तुझ्याकडं पुरावा काय? म्हातारीनं भेदरलेल्या डोळ्यांनी पाहिलेला एक डोळा. त्याच्यासाठी आदेशचं घर मोडायचं? रविवारपर्यंत गप बस. एवढंच मागतोय."

आदेश दारात उभा होता. "वहिनी" एवढंच म्हणाला, आणि ते बोलण्यापेक्षा जड होतं.

ती गप बसली. पण पुढचे दिवस कादंबरीचं एकही वाक्य तिला सुचलं नाही. श्रेया अंगणाच्या कडेला गेली की ती हातातलं टाकून उठायची.

रविवारी ठकूबाईंनी सगळे पट्टे गोळा करून धान्याच्या कोठीमागं टाकले. "पावण्यांच्या नजरंला नको."

पाहुणे आले. चिमाजी, त्यांची बायको, इंद्रायणी. पोहे झाले, चहा झाला. इंद्रायणी औषधांच्या दुकानात काम करते, आदेश रोपांना बुरशीचं औषध मारतो, त्यावरून दोघांचं जमलंही. "तुमची रोपं सांगत नाहीत कुठं दुखतंय ते," ती म्हणाली, "माझी गिऱ्हाइकं जरा जास्तच सांगतात." सगळे हसले. श्रेयानं तिचा हात धरला. "चल, तुला वासरू दाखवते." दोघी गोठ्याकडं गेल्या.

आणि समोरून अंबाबाई आल्या. नवी नवरी बघायला, ठेवणीतलं लुगडं नेसून. आणि गळ्यात खिळ्यांचा पट्टा.

चिमाजींचा कप ओठांपाशीच थांबला. "आजी, ह्ये काय घातलंय?"

"मणक्याचा पट्टा हाय," ठकूबाई घाईनं म्हणाल्या. "डागदरनं दिलाय."

"कशाचा मणका?" अंबाबाई म्हणाल्या. "वाघासाठी घातलाय. तुजा पण हाय की, कुठं ठिवलास?"

गोरख उगाच हसला. "पावणं, म्हाताऱ्या माणसाची भीती. वाघ तर नेला गाडीत घालून. पेपरात आलंय."

"व्हय, वाचलंय." चिमाजींनी कप खाली ठेवला. खिशातून घडी केलेलं कात्रण काढलं, आणि उज्ज्वलाकडं वळले. "ताई, नाव तुमचंच हाय ह्याच्यावर. मी पेपरला नाय इचारत. तुमाला इचारतो. माजी पोरगी हितं नांदायला येणार. धरला तो त्योच व्हता का?"

सगळे तिच्याकडं पाहत होते. ठकूबाईंनी पदर तोंडात धरला. आदेशनं मान खाली घातली. गोरख नजरेनंच सांगत होता, एक शब्द, हो म्हण, एक शब्द.

"नाही," उज्ज्वला म्हणाली. "तो वेगळा होता. मी लिहिलं होतं, छापलं नाही. आणि नंतर मी गप बसले."

मग इंद्रायणीच्या आईनं इकडंतिकडं पाहिलं.

"पोरगी कुठंय?"

खुर्ची पडली, कप फुटला. सगळे घराच्या मागं धावले. गोठ्यापलीकडं, उसापासून चार हातांवर, इंद्रायणी उभी होती. श्रेयाला तिनं कडेवर घेतलं होतं आणि तिची नजर उसावर खिळली होती. म्हशीनं दावं ताणून धरलं होतं.

"तुमचं कुत्रं उसात गेलं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "भुंकत गेलं. आणि एकदम गप झालं."

वारा नव्हता. तरी आतल्या बाजूला उसाचे चार-दोन शेंडे हलले. मग तेही थांबले.

"पळायचं न्हाई," अंबाबाई मागून म्हणाल्या. "वाकायचं न्हाई. पाठ दावायची न्हाई. तोंड तिकडं ठिवा आन् मागं सरा."

आणि ती बघायला आलेली मंडळी, इस्त्रीचे सदरे, जरीच्या साड्या, सगळी उसाकडं तोंड करून, एकमेकांचे दंड धरून, एकेक पाऊल मागं सरत अंगणात आली. घरात शिरून आदेशनं दार लावलं तेव्हा श्रेया रडायला लागली.

पाहुणे लगेच निघाले. गाडीत बसताना चिमाजींनी उज्ज्वलाला हात जोडले. "ताई, तुमी खरं बोलला, लई उपकार. पण पोरगी न्हाय द्यायची."

इंद्रायणीनं काचेतून आदेशकडं पाहिलं. गाडी वळली. आदेश रस्त्याकडं बघत राहिला.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"भाऊजी..."

"नाही वहिनी, बरोबरच केलंत. फक्त आज माझ्याशी बोलू नका."

उज्ज्वलानं ग्रुपवर लिहिलं : तो अजून इथंच आहे, कुणी रानात जाऊ नका. मग पुण्याला फोन लावला. "बातमी घ्या. लोणीत बिबट्या पुन्हा."

"मॅडम, परवाच तर पकडला ना? रोज रोज काय..."

तिनं फोन ठेवला, कारण बांधाच्या पलीकडं तिला काहीतरी लाल दिसलं. पलीकडच्या वस्तीवरची रत्ना. डोक्याला लाल रुमाल, हातात विळा, उसाच्या कडेनं गवत कापत होती. फोन घरी ठेवून आली असणार. मान उघडी.

"रत्ना! अगं उठ! उभी राहा! निघ तिथनं!"

रत्नानं वर पाहिलं, रुमाल सारखा केला आणि हसत हात हलवला. "काय गं? पावणं गेलं व्हय?"

"वाघ आहे तिथं! आताच कुत्रं नेलं!"

"कंचा वाघ?" रत्ना ओरडली. "त्यो तर धरला! तूच छापलंय की!"

आणि ती पुन्हा गवतात वाकली. उज्ज्वला ओरडत बांधावरून धावत सुटली.