तेजू सगळं ऐकत होती

सिस्टरने तेजूच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, पट्टीला लावला आणि ते छोटं यंत्र माझ्यासमोर धरलं. त्यावर आकडा आलाच नाही, इंग्रजीतली दोन अक्षरं तेवढी आली. मी विजेच्या खात्यात नोकरीला आहे. मीटर बिघडल्याच्या तक्रारी ऐकण्यात माझी अर्धी नोकरी गेली, म्हणून मी मोठ्या जाणकारासारखी म्हणाले, ‘‘दुसरं मीटर लावून बघा.’’

सिस्टरने दुसरं लावलं. त्यावरही तेच. मग तिने शांतपणे सांगितलं की मीटर दोन्ही ठीक आहेत, मुलीची साखर इतकी वाढली आहे की त्यांना मोजताच येत नाही.

डॉक्टरबाई आल्या. तेजूच्या तोंडाजवळ वाकून त्यांनी तिच्या श्वासाचा वास घेतला. पिकलेल्या फळासारखा वास येत होता, तो मलाही सकाळपासून येत होता. मला वाटलं पोरीने काहीतरी खाल्लं असेल. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘टाइप वन डायबेटिस. आत्ताच्या आत्ता आयसीयूत घेऊ.’’

तेजू माझ्या धाकट्या भावाची, गजाननची मुलगी. वय वर्षं आठ. गजानन शेती करतो, जैनथकडे. मी आदिलाबादला राहते, म्हणून दवाखान्याचं काही निघालं की सगळे माझ्या दारात. माझी भावजय तेव्हा नुकतीच बाळंत झालेली, त्यामुळे दवाखान्यात आम्ही दोघं बहीणभाऊच होतो.

हा आजार काय असतो ते मला कळलं तसं सांगते. पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव असतो, तो इन्सुलिन तयार करतो. इन्सुलिन असेल तरच खाल्लेलं अंगी लागतं. टाइप वनमध्ये ते तयार होणंच बंद पडतं. साखर रक्तात साचते आणि अंग उपाशी राहतं. मग शरीर स्वतःचीच चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाचं आम्ल वाढतं. याला डॉक्टर लोक डीकेए म्हणतात, आणि ते जिवावर बेतू शकतं.

तेजूची लक्षणं आम्हाला दिसत होती. ती घागरभर पाणी प्यायची. सारखी लघवीला जायची. मोठी झालेली पोर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली, तर आम्ही तिची थट्टा केली. वाळली, तर मी म्हणाले उंच होतेय. तुमच्या घरातलं लेकरू असं करत असेल तर थट्टा नंतर करा, आधी बोटातलं रक्त तपासून घ्या. एका थेंबाचं काम आहे.

आयसीयूत सलाईनमधून इन्सुलिन सुरू झालं आणि तेजू हळूहळू माणसात आली. डोळे उघडून पहिलं काय विचारलं? ‘‘पोया झाला काय?’’ बैलांची शिंगं रंगवण्याचं काम तिचं असतं. ते दुसऱ्या कुणी केलेलं तिला चालत नाही. पोळा अजून लांब आहे म्हटल्यावर ती पुन्हा झोपली आणि गजानन बाहेर जाऊन रडून आला.

आता आमच्या घरची एक पद्धत सांगायला हवी. आम्ही तेलंगणातली मराठी माणसं. आमच्याकडे पोरांपासून काही लपवायचं असलं की मोठी माणसं तेलुगूत बोलतात. माझे वडीलही तसंच करायचे. जनावर विकायचं असो, कुणाची सोयरीक मोडलेली असो, दागिना गहाण टाकायचा असो, सगळं तेलुगूत. आम्ही मराठी शाळेत शिकलो, त्यामुळे आम्हाला लहानपणी त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मोठे झाल्यावर नोकरीत, बाजारात ती भाषा शिकलो आणि वडिलांची पद्धत पुढे चालू ठेवली.

त्यामुळे तेजूला आयसीयूतून वॉर्डात आणल्यावर डॉक्टरबाईंनी, ‘‘मुलीसमोरच बोलू का?’’ असं विचारलं तेव्हा मी त्यांना तेलुगूत म्हणाले, ‘‘खुशाल बोला. तिला तेलुगू येत नाही.’’ तेजू पलंगावर बसून वरणभात खात होती. तिने मानही वर केली नाही.

डॉक्टरबाईंनी तेलुगूत सगळं सांगितलं. हा आजार जात नाही. दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई लागेल आणि ती जन्मभर लागेल. साखर वाढते तशी एकदम खालीही जाऊ शकते, त्याला हायपो म्हणतात. हात कापतात, घाम फुटतो, भूक लागते. तेव्हा लगेच साखर द्यायची. नाही दिली तर लेकरू बेशुद्ध पडू शकतं, जीवही जाऊ शकतो.

ऐकून झालं आणि आम्ही दोघं हसऱ्या चेहऱ्याने तेजूकडे वळलो. गजानन म्हणाला, ‘‘कायी नाई वं माय, ताप होता. चार दिवसांत सुई बंद.’’ मीही री ओढली. म्हटलं, ‘‘आपल्या तेजूला तर सुई दुखतसुद्धा नाही.’’

तेजूने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, ‘‘मस्त हाय मी.’’

त्या दिवसापासून तिचं हेच सुरू झालं. कसं वाटतं? मस्त हाय. दुखतं का? मस्त हाय. सुई टोचताना ती ओठ घट्ट मिटून छताकडे पाहायची. शेजारची पोरं रडून वॉर्ड डोक्यावर घ्यायची आणि आमची पोर गप्प. मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, बघा आमची वाघीण. मला फार अभिमान वाटत होता.

एका दुपारी मी डबा धुऊन आले तर तेजू भिंतीकडे तोंड करून पडली होती. फ्रॉक घामाने भिजलेला, ओठ पांढरे. मी हाक मारली. भिंतीकडूनच आवाज आला, ‘‘मस्त हाय.’’ जीभ जड झाली होती. मी ओरडलेच. सिस्टर धावत आली, साखर मोजली, ती फार खाली गेली होती. ग्लुकोजचं पाणी पाजलं. थोड्या वेळाने तेजूच्या गालावर रंग आला.

डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, हात कापत होते का? तेजूने मान हलवली, नाही. घाम येत होता का? नाही.

बाहेर नेऊन त्या मला म्हणाल्या, ‘‘औषध बरोबर चाललंय. पण मी हिला घरी सोडू शकत नाही. साखर खाली जाते तेव्हा पहिली खबर अंगातून येते, आणि ती फक्त तिलाच कळते. ती सांगणार नसेल तर गावात, शाळेत, शेतात कोण ओळखणार? हिने स्वतःहून सांगितलं की मग सोडते.’’

मी तेजूला समजावलं. चॉकलेटची लालूच दाखवून झाली, मग आठवलं की आता तेही विचारून द्यायचं. गजाननने शपथ घातली. उत्तर एकच, मस्त हाय.

भांडं फुटलं ते वेगळ्याच कारणाने. मी रोज राउंडला डॉक्टरबाईंना विचारायची, कधी सोडणार, कधी सोडणार. त्या दिवशी त्या वैतागून सिस्टरला तेलुगूत म्हणाल्या, ‘‘या आत्याबाईंना सकाळ-संध्याकाळ एकेक सुई द्या आणि बाजूच्या पलंगावर भरती करून घ्या. मग तरी प्रश्न थांबतील.’’

तेजूने चादरीत तोंड खुपसलं. तिचे खांदे गदगदत होते. मला वाटलं रडते आहे. चादर ओढली, तर बाईसाहेब हसत होत्या.

डॉक्टरबाई आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या आणि तेलुगूतच विचारलं, ‘‘त्या दिवशी मी काय सांगितलं ते तू ऐकलंस?’’

‘‘मोत्तं विन्नानु,’’ तेजू म्हणाली. म्हणजे सगळं ऐकलं. आणि तिचं तेलुगू माझ्यापेक्षा शुद्ध होतं.

शुद्ध असणारच. गावातल्या शाळेत पहिलीपासून तिला तेलुगू आहे. गजाननला हे ठाऊक होतं, त्याने स्वतः पुस्तकांना कव्हरं घातली होती, पण शाळेतलं तेलुगू आणि लपवाछपवीचं तेलुगू एकच आहे हे त्याच्या डोक्यात आलं नाही. आणि तेजूने कधी कळू दिलं नाही. का देईल? त्या भाषेतून तिला घरातल्या सगळ्या बातम्या मिळत होत्या. तांबडं वासरू विकायचं ठरलंय हे तिला माहीत होतं. माझ्या लग्नात माझं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं, हेसुद्धा.

डॉक्टरबाईंनी पुढचं जे विचारलं ते मी विसरणार नाही. ‘‘ऐकून तुला काय समजलं, ते तू मला सांग.’’ आम्ही तिला इतक्या गोष्टी सांगत होतो, विचारलं कुणीच नव्हतं.

तेजू मराठीत बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. ‘‘साखर कमी झाली का मानूस झोपते अन् मंग उठत नाई. मनून मी झोपतच नाई, डोये मिटून पडून रायते. अन् हात कापून राह्यले असं सांगतलं तं घरी सोडनार नाईत, सुया वाढवतीन. पोया निंगून जाईन.’’ मग म्हणाली, ‘‘आत्या अन् बाबा तं खोटंच बोलतात. मंग मीबी बोलली.’’

मला तोंड दाखवायला जागा नव्हती. गजानन तर खिडकीतून बाहेर बघत होता.

डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. झोपेत कुणीतरी तिची साखर मोजेल, ती एकटी नसेल, हे सांगितलं. हात कापतात असं सांगितलं तर सुई वाढत नाही, उलट इन्सुलिन कमी करून बघता येतं, हे सांगितलं. सुई जन्मभर आहे, हेही लपवलं नाही. तेजूने विचारलं, ‘‘मी गूळ चोरून खाल्ला मनून झालं काय?’’ त्या म्हणाल्या, ‘‘नाही. गुळाचा यात काही संबंध नाही. तुझी काहीही चूक नाही.’’ तेजूने तो प्रश्न पुन्हा विचारला आणि त्यांनी तेच उत्तर पुन्हा दिलं.

जाताना आम्हाला म्हणाल्या, ‘‘हिच्यासमोर जे बोलायचं ते हिच्याशी बोला. आणि कशी आहेस, असं विचारू नका. त्याला मस्त एवढंच उत्तर येतं. हात कसे आहेत, डोळ्यांसमोर कसं दिसतंय, भीती कशाची वाटते, असं विचारा. वाघीण वगैरे म्हणणं बंद करा. रडली तर रडू द्या.’’

पुढच्या सुईला मी तेजूला म्हणाले, ‘‘दुखेल. थोडंसं, पण दुखेल.’’ ती ओरडली, रडली, मला एक चापटही मारली. सगळा वॉर्ड बघत होता. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

मग गजाननला सुई द्यायला शिकवायचं ठरलं. हा माणूस बैलाच्या नाकात वेसण घालतो, पण इन्सुलिनचं पेन हातात आलं तशी त्याची बोटं लटलट कापायला लागली. तेजू बराच वेळ बघत होती. म्हणाली, ‘‘बाबा, माहे हात ठीक हायत. तुमचेच कापून राह्यले. तुमाले साखर देऊ काय?’’ सिस्टर हसून हसून भिंतीला टेकली. गजाननही हसला आणि त्या हसण्यात सुई बरोबर लागली.

आणि मग एके दिवशी, जेवणाच्या आधी, तेजूने माझा पदर ओढला. ‘‘आत्या, माहे हात कापून राह्यले.’’

भाचीची साखर खाली गेली होती आणि मी आनंदाने सिस्टरकडे पळत होते. ‘‘तिने सांगितलं! तिने स्वतः सांगितलं!’’ सिस्टर म्हणाली, ‘‘अहो, आधी ग्लुकोज तर द्या.’’ ते दिलं. डॉक्टरबाईंनी डिस्चार्ज लिहिला. पोळ्याला तेजू घरी होती आणि बैलांची शिंगं, आणि तिचं अर्धं तोंडही, निळ्या रंगाने माखलं होतं.

आता बरेच महिने झाले. इन्सुलिन थंड जागी ठेवावं लागतं आणि गावात वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. गजानन मला फोन करून विचारतो, ‘‘बाई, तुह्या खात्याची लाइन केव्हा येते?’’ मी म्हणते, माठात ठेव. ओल्या वाळूतल्या माठात ते छान टिकतं, हे डॉक्टरबाईंनीच सांगितलेलं. शाळेत तेजूच्या बाईंना सगळं माहीत आहे, दप्तरात ग्लुकोजची पुडी असते. घरात तेलुगू आता फक्त अभ्यासाला वापरतात. एखादी गोष्ट पोरांसमोर बोलण्यासारखी नसेल तर मोठी माणसं सरळ गोठ्यात जाऊन बोलतात.

परवा दोघं बापलेक तपासणीला आले होते. एचबीएवनसी नावाची तपासणी असते, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी त्यात कळते. ती छान आली. डॉक्टरबाई खूश, गजानन तर हवेत. तो तिकिटाची चौकशी करायला गेला आणि मी आणि तेजू बसस्टँडवर बाकावर बसलो. ती पाय हलवत भुईमुगाच्या शेंगा खात होती.

मी विचारलं, ‘‘हात कसे आहेत?’’

‘‘हात ठीक हायत.’’ मग शेंग तशीच हातात धरून म्हणाली, ‘‘आत्या, पन मले कदी कदी लय भेव लागते. साखर चांगली असली तरी लागते.’’

माझ्या तोंडात आलंच होतं की वेडे, कशाचं भेव, रिपोर्ट तर एवढा छान आलाय. मी ते गिळलं. विचारलं, ‘‘केव्हा लागते?’’

तिने विचार केला. ‘‘सगये हासत असले का लागते.’’ आणि मग माझ्याकडे बघून, ‘‘तुले लागते काय?’’

इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, ‘‘हो गं. मलाही लागते. खूप लागते.’’

तेजूने मोठा श्वास सोडला. ‘‘मंग बरं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘मले वाटलं, मले एकलीलेच लागते.’’

आणि ती मजेत शेंगा फोडायला लागली. दोन दाणे तिने मला दिले.