देवपूरची घंटा आणि नानांचा डावा डोळा
नव्वदच्या दशकातली गोष्ट. धुळ्याला, देवपूरच्या एका कॉलेजात, प्रदर्शनात हवेत तरंगणारं चित्र आलंय असं कळलं. आई म्हणाली एस.टी.ने जा, नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले स्कूटर कशाला घेतली मग? महिन्याभरात त्यांनी ती दोनदा घासून आणली होती आणि किल्ली आता माझ्याकडे द्यावी, असा घरात सूर होता. शेवटी तह झाला: नाना ओरखडा न पाडता मला घेऊन जाऊन आले, तर किल्लीचा विषय कायमचा बंद. डावीकडे लक्ष ठेव, असं आईने निघताना मला बजावलं. डावीकडे डब्याची पिशवी लटकत होती, म्हणून मी पिशवी सांभाळली.

जळगावच्या पिंप्राळ्यातून एरंडोल, पारोळा, धुळे; नव्वदेक किलोमीटर. आता रस्ता रुंद आहे, तेव्हा समोरून ट्रक आला की आपण कपाशीत. पारोळ्याला शेवभाजी जरूर खा, पण पाणी आधी मागून घ्या. वाटेत नानांनी मला गाडी कशी चालवावी हे तासभर समजावलं आणि डावीकडच्या एका बैलगाडीला जवळजवळ खेटलेच. बैलांनी समजूतदारपणे जागा दिली.

प्रदर्शनात काचेत पितळी घंटा होती, म्हणजे नव्हती, होलोग्राम होता, दिव्याच्या उजेडात काचेत उमटणारं चित्र. मान जरा हलली की घंटा गायब. त्यावर तिथल्या सरांनी उपाय काढला होता: कॅमेरा बघणाऱ्याच्या डोळ्यांवर, त्या डोळ्यांचं चित्र टीव्हीवर, आणि डोळे वळतील तसा सर दिवा सरकवणार, म्हणजे घंटा दिसत राहील. पुढे हे काम यंत्र करेल म्हणाले. तूर्त यंत्र तेच होते.

नाना बसले. एकेक डोळा झाकून बघा, असं सरांनी सांगितलं. नानांनी उजवा झाकला. गंमत म्हणून सरांनी दिवाच बंद केला. काच कोरी. टीव्हीवर नानांचा डावा डोळा मोठा, शांत.

"दिखी ऱ्हायनी ना घंटा," नाना म्हणाले. "चांगली दिखी ऱ्हायनी."

कोऱ्या काचेत त्यांना घंटा चांगली दिसत होती. सरांनी गुपचूप दिवा लावला.

बाहेर येऊन नानांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "गाडी तू चालाड. मना डावा डोयाले काहीच दिखत नही. तुनी मायले सांगू नको."

महिनाभर मी त्यांच्या हातातल्या किल्लीकडेच बघत होतो, त्यांच्याकडे नाही. लाज वाटली. परतीच्या वाटेवर मी गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे गेले, आणि नानांनी त्यावरही सूचना केल्या.

रात्री जेवताना नानांनी आईला घंटेचं रसभरीत वर्णन ऐकवलं आणि पोराला गाडी बरी जमते, म्हणून किल्ली त्याच्याकडे राहू दे, असं मोठ्या मनाने जाहीर केलं. मी मान डोलावली. आईने पाण्याचा तांब्या त्यांच्या उजव्या हाताला ठेवला. बाकी सगळ्यांचा डावीकडे होता. ते हात धुवायला उठल्यावर मी तिला कारण विचारलं.

"वर्ष झालं," ती म्हणाली. "डावीकडे ठेवला की लवंडतो."