बॉयलरसमोरचा प्रॉम्प्टर

आमच्या ह्यांना पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस मुकाच असावा. दारात कोणी आलं की हे आत. दुकानात साबण मागायचा तरी मला पुढे करणार. सोसायटीच्या मीटिंगला पाठवलं तर सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभे, आणि कोणी काही विचारलं तर नुसती मान हलवणार. आणि ह्याच माणसाला अख्ख्या कंपनीत 'नाटकवाले हिरामण' म्हणतात. घ्या आता!

नाटकात काम करत नाहीत हं. स्टेजवर उभं केलं तर बोबडी वळेल. हे प्रॉम्प्टर. तळोज्याच्या ह्यांच्या कंपनीत दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी एक नाटक बसवतात. हे बाजूच्या विंगेत अंधारात स्टुलावर बसतात आणि जो वाक्य विसरेल त्याला पुढचे दोन शब्द हळूच पुरवतात. काम एवढंच. पण त्या दोन शब्दांसाठी दोन महिने माझ्या घरात अख्खं नाटक नांदतं. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तर हे म्हणणार, "थांब पुतळा, आता चारुलता मॅडम अडणार आहेत."

पुतळा म्हणजे मी, आणि चारुलता मॅडम म्हणजे कंपनीच्या अकाउंट्समधल्या. मी सांगतेय त्या वर्षी नायिका त्याच होत्या. तिसऱ्या प्रवेशात खिडकी लावून वळलं की त्यांचं वाक्य हमखास जायचं, 'मी निघाले तेव्हा कोणी थांबवलं नाही.' दर तालमीला तिथेच जायचं. हे मला समजावून सांगायचे, "आवाज द्यायचा नसतो गं, नुसता श्वास द्यायचा. शब्द त्यांच्या कानात पडला पाहिजे, पहिल्या रांगेला कळता कामा नये." हे सांगताना डोळे असे चमकायचे, की लग्नातसुद्धा तसे चमकले नव्हते.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. हे तेव्हा बॉयलर हाऊसमध्ये हेल्पर होते. बॉयलर म्हणजे पाण्याची वाफ करणारं ते मोठं धूड, त्याच्यावर सगळा कारखाना चालतो. कंपनीनं नवा बॉयलर मागवला आणि नोटीस लावली, की तो चालू झाल्यावर बॉयलर हाऊसमध्ये सर्टिफिकेटवालाच राहील, बाकीच्या हेल्परांनी आपापलं बघावं. आपापलं काय बघणार? नेरूळची खोली सोडायची, आमच्या लेकीचं, जाईचं नाव शाळेतून काढायचं आणि जुन्नरला दिरांच्या दारात जाऊन उभं राहायचं.  

सर्टिफिकेटची परीक्षा तोंडी. इथेच तर सगळी बोंब होती! आदल्या वर्षी हे एकदा बसले होते. परीक्षकांनी नाव विचारलं, ते सांगितलं, आणि त्यानंतर तोंडातून अक्षर नाही. साहेबांनीच प्रश्न विचारले, साहेबांनीच आवरतं घेतलं. आणि येत काय नव्हतं? सगळं येत होतं. पण समोरचा माणूस तोंडाकडे बघतोय म्हटलं, की ह्यांचं डोकं पाटीसारखं कोरं.

म्हटलं, ह्या वेळी मी घेते तयारी. मी सातवी पास, पुस्तक वाचता येतं. एकीकडे चपात्या लाटत मी प्रश्न विचारायची, हे समोर पाटावर बसायचे. आणि माझ्यासमोरसुद्धा गप्प! लग्नाला नऊ वर्षं झालेली, एक पोर झालेली, आणि बायकोसमोर ततपप. एकदा वैतागून मी पाठ फिरवली आणि तव्याकडे बघत प्रश्न टाकला, तर मागून खडाखडा उत्तर आलं. मग माझ्या लक्षात आलं. खोलीत आडवी दोरी बांधली, तिच्यावर माझी जुनी साडी टाकली. अलीकडे मी, पलीकडे हे. काय सांगू, नळ सोडावा तशी उत्तरं यायला लागली. सेफ्टी व्हॉल्व्ह, फीड पंप, आतलं पाणी किती ते दाखवणारी काचेची नळी, सगळं.

मी दर चार दिवसांनी साडी थोडी सरकवायची. ह्यांचं अर्धं तोंड दिसायला लागलं की उत्तरही अर्ध्यावर यायचं. मी परत साडी ओढून घ्यायची. परीक्षा जवळ येत चालली आणि साडी काही निघेना.

त्यात नाटकाच्या तालमी. कामावरून सुटले की थेट तालमीला. एक दिवस माझा पारा चढला. म्हटलं, "ह्या वर्षी नाटक सोडा. डोक्यात एका वेळी किती कोंबाल? एकीकडे वाफ, एकीकडे चारुलता मॅडम. परीक्षेत खिडकी लावून वळाल!"

हे बराच वेळ चपलेचा अंगठा बसवत राहिले. मग म्हणाले, "नाटक सोडलं तर माझ्यात काय उरतं गं? हेल्पर उरतो. तिथे विंगेत माझ्यावाचून अडतं कोणाचं तरी."

त्यांचं खरं होतं. पण खरं असून माझी भीती कमी होत नव्हती. मला उलट जास्तच राग आला.

परीक्षा बेलापूरला होती. मी म्हटलं, मी येणार. ह्यांचा काय भरवसा, गेटपासून परत फिरतील. ह्यांच्याबरोबर जुनैदभाऊ होते. ते तळोज्याचेच, बॉयलर हाऊसमधले दुसरे हेल्पर. बोलायला एकदम तयार, पण पुस्तकाचं वावडं. मला म्हणाले, "वहिनी, टेन्शन नका घेऊ. हिरामणभाऊंची अक्कल नि माझं तोंड, दोन्ही मिळून एक तर नक्की पास होईल." मला हसूसुद्धा आलं नाही.

दोघादोघांना आत बोलावत होते. दाराला कापडी पडदा. मी बाहेर बाकावर बसले. पडद्याखालून ह्यांचे बूट दिसत होते, मी आदल्या दिवशी पॉलिश केलेले. आधी जुनैदभाऊंना प्रश्न आला, की काचेच्या नळीत पाणी दिसेनासं झालं तर काय कराल? जुनैदभाऊ म्हणाले, "सर, सगळ्यात आधी..." आणि अडले.

झालं! समोर माणूस अडला की आमचे हे गप्प बसतील होय? वर्षानुवर्षांची सवय. परीक्षा आहे, साहेब समोर बसलेत, ह्यातलं काही त्यांना सुचलं नसणार. बाहेर मला तर काही ऐकू आलं नाही, इतकं ते बेमालूम. पण साहेबांनी ओठ हलताना पाहिले.

"कोण बोललं?" आतून आवाज आला. मग, "तुम्ही बाहेर थांबा, तुमचं नंतर बघतो." जुनैदभाऊ बाहेर आले, चेहरा पांढरा पडलेला. बाकावर बसत कुजबुजले, "वहिनी, भाऊंनी मला प्रॉम्प्टिंग केलं हो."

आत साहेब म्हणत होते, "फार येतंय ना तुम्हाला? मग आता मोठ्याने सांगा. पाणी दिसेनासं झालं. काय कराल?"

आत शांतता. पंख्याची कटकट तेवढी ऐकू येत होती. ते पॉलिश केलेले बूट जागचे हलत नव्हते. मला कळलं, गेले हे, पाटी कोरी झाली. माझ्या डोळ्यांसमोर जुन्नरचं दिरांचं दार आलं, जाईचं दप्तर आलं. आणि उत्तर तर मला येत होतं! साडीच्या अलीकडून कितीदा ऐकलेलं. मी उठले, पडद्याला तोंड लावलं. म्हटलं, आवाज नाही द्यायचा, श्वास द्यायचा.

आणि माझा श्वास कसला? आमच्याकडे शेताच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय. तोंडातून निघालं, "अहो, आग बंद करा आधी!"

अख्खा पॅसेज वळून बघायला लागला. साहेब ओरडले, "कोण आहे तिकडे?" पडदा सर्रकन बाजूला झाला आणि समोर हे. तोंड लालेलाल. आजवर मला कधी एका शब्दानं दुखवलं नाही असा माणूस, साहेबांसमोर माझ्यावर कडाडला.

"असं प्रॉम्प्टिंग करतात का पुतळा? शेवटच्या रांगेपर्यंत गेलं! आणि वाक्य तरी बरोबर दे! आधी काचेच्या नळीचे कॉक फिरवून बघायचं, नळी चोकअप आहे की खरंच पाणी नाही. पाणी खरंच खाली गेलं असेल तर लगेच आग बंद. आणि पुढचं कुठं खाल्लंस? पाणी सोडायचं नाही! तापलेल्या ट्यूबवर गार पाणी पडलं तर बॉयलर फुटेल, माणसं मरतील! तेच गाळलंस? किती वेळा घेतलंय आपण हे घरी!"

मी पदर तोंडाला लावून उभी. साहेब हातात पेन घेऊन तसेच बसलेले. हे भानावर आले आणि परत पांढरे पडले.

साहेबांनी मला म्हटलं, "बाई, तुम्ही गेटवर जाऊन उभ्या राहा. अगदी गेटवर." मग ह्यांना म्हणाले, "आणि तुम्ही, आत्ता ह्यांच्याशी बोललात ना, तसंच माझ्याशी बोला. मी चुकीचं सांगतो, तुम्ही सुधारा."

गेटवर मी किती देव आठवले ते मलाच ठाऊक. जुनैदभाऊंनाही परत आत घेतलं होतं, मग दोघं बाहेर आले. बसस्टॉपवर मी विचारलं, "काय झालं?" हे म्हणाले, "माहीत नाही. पण बोललो. साहेबांना दोनदा 'चूक' म्हणालो."

निकाल लागेपर्यंत मी धड झोपले नाही. जुनैदभाऊ निघाले काठावर, आणि हे चांगले पास. मी जाईला उचलून घेतलं आणि रडले, अगदी मोठ्याने. म्हटलं, सुटलो बाई.

कसलं सुटलो! नवा बॉयलर चालू झाला आणि ह्यांना दुपारची पाळी लागली. स्पर्धेचा प्रयोग वाशीला, संध्याकाळी, नेमका त्याच आठवड्यात. सर्टिफिकेटवाल्यानं बॉयलर सोडून हलायचं नाही, हा नियम. हेल्पर होते तेव्हा अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळायची. आता ह्यांच्याच नावावर बॉयलर. जुनैदभाऊ सकाळची पाळी करून दमलेले, त्यांना कोणत्या तोंडानं विचारणार? हे नाटकाची वही स्टोअरमधल्या ज्ञानूकडे देऊन आले आणि मला म्हणाले, "तू जा बघायला." मला हवं होतं तेच झालं होतं. नाटक सुटलं होतं. आणि ह्यांचं ते उतरलेलं तोंड बघून माझाच जीव तुटत होता.

मी गेले. तिसरा प्रवेश आला. चारुलता मॅडमनी खिडकी लावली, वळल्या, आणि गप्प. विंगेत ज्ञानूच्या हातून पानं उलटल्याचा आवाज यायला लागला. लोक चुळबुळायला लागले. वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळे मिटून घेतले. शेवटी मॅडमनी ते वाक्य सोडूनच दिलं आणि पुढचं घेतलं. मला फार वाईट वाटलं, घरचं कोणी पडलं असावं तसं.

दुसऱ्या दिवशी जुनैदभाऊ दारात. मला वाटलं, बॉयलरचं काही झालं. म्हणाले, "नाही वहिनी, सगळं ठीक. काल पाळी संपली तरी मी थांबलो होतो, म्हटलं नवा बॉयलर, भाऊ एकटे. नाटकाला जा म्हटलं, तर म्हणाले, पाळी माझ्या नावावर. तर प्रयोगाची वेळ झाली आणि भाऊंनी नाटक सुरू केलं. बॉयलरसमोर उभं राहून. सगळ्यांची कामं एकट्यानं, बर्नरच्या आवाजाच्या वर."

"आणि पाणी?" माझा पहिला प्रश्न तोच.

"नजर काचेवरून हलली नाही, अल्लाकसम. मधेच 'पाणी बरोबर' म्हणायचे आणि पुढचं वाक्य घ्यायचे. फक्त एका ठिकाणी थांबले. ते बाईंचं खिडकीचं आहे ना, तिथे. मला वाटलं, विसरले."

"मग?"

"मग आवाज एकदम खाली आणला. नुसत्या श्वासात म्हणाले, 'मी निघाले तेव्हा...' आणि थांबून राहिले. कोणाला देत होते, कोण जाणे."

मला माहीत होतं कोणाला. मी जुनैदभाऊंना आत बोलावलं आणि चहा टाकला.